वाचनालयात एकच खिळा मोकळा आहे: आप्पासाहेब पटवर्धन की गोपाळबाबा वलंगकर?

गडनदीकाठचो (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव कणकवलीपासून फार लांब नाही. ग्रामवाचनालयाची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, ती यंदा नव्याने चिऱ्यात बांधून घेतली. जुन्या तसबिरी पुसून परत लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिवाजी महाराज, टिळक, गांधीजी, बाबासाहेब, सावित्रीबाई, साने गुरुजी, सगळे आपापल्या जागी गेले. उजवीकडचा एक खिळा मात्र मोकळा राहिला. तिथे पूर्वी एक माजी आमदार होते. फोटो वाळवीने संपवला आणि त्यांना मतदारांनी.

मी सहज म्हटलं, आप्पासाहेब पटवर्धनांचा लावू. कार्यकारिणीत आम्ही अकरा जण. आठ जणांनी "कोण?" म्हणून विचारलं. एकाने "सांगलीच्या संस्थानातले काय?" अशी शंका काढली. खजिनदार म्हणाले, "ते संडासवाले ना?" म्हणजे त्यातल्या त्यात माहिती त्यांनाच होती!

इथेही कुणाला माहीत नसतील तर: सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन (१८९४–१९७१), आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. लोक 'कोकणचे गांधी' म्हणत. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचा. १९३० मध्ये शिरोड्याच्या मीठ सत्याग्रहात होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करायचं काम मागितलं, ते नाकारल्यावर अन्न तोडलं, आणि त्यांच्यासाठी तिकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपास धरला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. तिथे संडास, सोनखत (मैल्यापासूनचं खत) आणि मेलेल्या गुरांची कातडी कमावणं, असली कामं ब्राह्मणाच्या पोराने स्वतःच्या हाताने केली.

एवढं सांगून मी खाली बसलो. तेव्हा बौद्धवाडीतला एक तरुण सभासद (आमच्या कार्यकारिणीत तेवढा एकच) शांतपणे म्हणाला, "काका, लावा. पण मग गोपाळबाबा वलंगकर का नकोत?" वलंगकर म्हणजे महाडकडचे, बाबासाहेबांच्याही आधी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे. मला उत्तर देता आलं नाही. सभा चहावर संपली.

तर, काय करावं? कृपया भांडू नका.

रातांबा

मी पयला. आता वाचतो.

रातांबा

वाचलं. "कृपया भांडू नका" हे वाचून पॉपकॉर्न आणायला उठलोय.

माडाखालचो

माका वाटता खिळो एक कित्याक, दोन मारा. भिंत काय कोणाच्या बापाशीची नाय.

गडनदीकाठचो (धागाकर्ता)

@माडाखालचो, चिऱ्यात खिळो बसना नाय, ड्रिल मारूक व्हयो. आणि ड्रिलवाल्याक बोलवूचा तर सभेची मंजुरी व्हयी. वाचनालयाक वर्साक किती अनुदान गावता ता विचारू नको.

निवृत्त मास्तरीण

माझं मत आप्पासाहेबांना. कारण घरगुती आहे.

माझे आजोबा तरुणपणी दोन वर्षं गोपुरीला राहिले होते. जातीने आम्ही कऱ्हाडे. मेलेलं जनावर सोलायचं शिकले. सुट्टीत घरी आले की पणजी त्यांना पडवीत वेगळ्या ताटात वाढायची आणि ताट उचलायला कुणी यायचं नाही, ते स्वतःच विहिरीवर घासून कोनाड्यात पालथं घालायचे. आजोबा गोष्ट सांगताना हसायचे. म्हणायचे, "जे दुसऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालं ते मला फक्त मे महिन्यात मिळालं, तरी माझा घास अडकायचा."

आम्ही शाळेची सहल तिकडे नेली होती तेव्हा सोनखताच्या ढिगापाशी मुलं नाक धरून उभी. आमच्याबरोबरच्या एका शिक्षकांनी वाळलेलं खत मुठीत घेतलं आणि मुलांच्या नाकाशी नेलं. वास नव्हता. एका मुलीने विचारलं, "सर, मग आपण हात का धुतोय?" सर निरुत्तर. ती आता डॉक्टर आहे, बरं का.

दासगावची खाडी

आमचं घर महाड तालुक्यातलं, म्हणून माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो.

आप्पासाहेबांबद्दल आदर आहे. मास्तरीणताईंची गोष्टही आवडली. पण ताई, तुमच्या आजोबांना दोन वर्षांनी परत यायची सोय होती. ते काम त्यांनी पत्करलं होतं, आमच्या आजोबांवर ते लादलेलं होतं. दोन्हीला 'भंगीकाम' नि 'ढोरकाम' हीच नावं असली तरी गोष्ट एक नव्हे. उच्चवर्णीयाने झाडू हातात घेतला की त्याचा फोटो लागतो. ज्याच्या हातात तो जन्मापासून आहे त्याला 'सेवा' म्हणून आणखी घट्ट धरायला सांगतात. बाबासाहेबांचा गांधीजींशी वाद इथेच होता.

आमच्या घरात सांगतात ती गोष्ट. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद सगळ्यांना चवदार तळ्यामुळे माहीत असते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टंमाष्टं मागणं सोडा, असं बजावलं होतं. पणजोबा तिथे होते. परत आल्यावर वाडीने ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात खोताचा (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) बैल गोठ्यातच मेला. निरोप आला, कोणी गेलं नाही. दोन दिवस गेले, तीन दिवस गेले. चौथ्या रात्री खोताच्या घरच्यांनी कंदील विझवून, दोर लावून तो स्वतः ओढत नेला. अंधारात, कुणी बघू नये म्हणून. बघायला सगळी वाडी जागी होती.

नंतर वाडीचं किराणा बंद, मजुरी बंद, रान बंद. ती किंमत मोजली. पण तो कंदील विझवलेला प्रसंग पणजोबा मरेपर्यंत सांगायचे.

त्यामुळे माझं मत वलंगकर.

रातांबा

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

पेठकिल्ला

रत्नागिरीत बसून मी सावरकरांचं नाव घेतलं नाही तर घरी जेवण मिळणार नाही. १९२४ ते १९३७ स्थानबद्धतेत होते. सहभोजनं, शाळेत मुलं एकत्र बसवणं, आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर, ज्याचा खर्च भागोजीशेठ कीरांनी केला. भंडारी समाजातले भागोजीशेठ! त्यांचा फोटो कुणी लावत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

कोळथरे एक्सप्रेस

पतितपावन हे नवं देऊळ बांधून सगळ्यांना प्रवेश. जुन्या देवळांचं काय झालं? हा माझा प्रश्न शाळेपासून आहे. नवं घर बांधून द्यायचं, पण जुन्या घराच्या ओटीवर चढू द्यायचं नाही.

पेठकिल्ला

त्या काळात तेवढंही किती अवघड होतं याची कल्पना आहे का? विठ्ठल मंदिरावरून केवढा गदारोळ झाला होता…

संपादक

सावरकरांवर आधीच तीन धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद. चौथं कुलूप आमच्याकडे नाही. विषयावर या.

जालगावकर

गोपाळबाबांबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

महाडजवळच्या रावढळचे. लष्करात होते, १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोली तेव्हा पेन्शनर सैनिकांचं गाव, लोक अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. गोपाळबाबा जोतीराव फुल्यांच्या विचारातले. 'दीनबंधु'मध्ये लिहायचे. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसक' ही पुस्तिका लिहिली, आणि तिची पद्धत बघा: उपदेश नाही, रडणं नाही, नुसते प्रश्न. धर्मशास्त्र्यांना विचारलेले. विटाळ आला कुठून, तो नक्की कशाने होतो, याचं उत्तर द्या म्हणून. लष्करातल्या भरतीची दारं महारांना बंद होऊ लागली तेव्हा सरकारकडे अर्ज लिहिण्यातही तेच पुढे. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तर बाकीच्या सभासदांना त्यांच्या शेजारी बसण्याचाच त्रास व्हायला लागला. १९०० मध्ये गेले.

म्हणजे चवदार तळ्याच्या एक पिढी आधी. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना हा माणूस जाऊनही झाला होता. आपल्याला महाड म्हटलं की १९२७ पासून सगळं सुरू झाल्यासारखं वाटतं.

अवांतर: कार्यकारिणीत बौद्धवाडीतला "तेवढा एकच", हे वाक्य धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय. १८९५ पासून बोर्डाची रचना फार बदललेली दिसत नाही.

गडनदीकाठचो (धागाकर्ता)

@जालगावकर, लागलं. खरं आहे.

वकीलसाहेब

@दासगावची खाडी, तुमची खोताच्या बैलाची गोष्ट अंगावर आली. तरी तुरुंगाबद्दल एक दुरुस्ती करतो, कारण तिथे आप्पासाहेबांवर थोडा अन्याय होतोय.

त्यांनी तिथे नुसतं "मला सेवा करू द्या" म्हणून उपास केला असं समजू नका. मैला साफ करायचं काम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचं हे तुरुंगाच्या नियमात होतं. सवर्णाने मागितलं तरी देता येत नव्हतं. म्हणजे जातिव्यवस्था गावात खोत चालवत होता आणि तुरुंगात इंग्रज सरकार, तेही छापील नियमाने. आप्पासाहेबांची धडक त्या नियमाला होती. ते काम कुणाच्याही जातीला चिकटलेलं नको, हा त्यातला मुद्दा.

आणि तो नियम कधी गेला? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. आप्पासाहेबांचा उपास डिसेंबर १९३२ चा. वजाबाकी तुम्हीच करा.

रातांबा

९२ वर्षं भरतात ओ. राज्यं बदलली, नियमावलीची नुसती नवी आवृत्ती निघत राहिली.

दासगावची खाडी

@वकीलसाहेब, ही तुरुंगाच्या नियमाची गोष्ट मला माहीत नव्हती. मानलं. म्हणजे बाबासाहेब सांगत होते "हे खाली ठेवा" आणि आप्पासाहेब म्हणत होते "मग मी उचलतो, कारण कुणाला तरी उचलावं लागणारच". आमच्या खोताने उचललं ते अंधारात, आप्पासाहेबांनी उजेडात. एवढा फरक मी मान्य करतो. मत अजून वलंगकरच.

सुपारीची राय

अवांतर होईल, पण संडासाचा विषय निघाला म्हणून.

मी १९७९ मध्ये लग्न होऊन एका तालुक्याच्या गावी आले. सासरी मागच्या बोळात टोपलीचा संडास होता. रोज सकाळी एक बाई यायची. सहा महिने मी तिचा चेहरा पाहिला नाही, कारण तिची यायची वेळ झाली की मागचं दार लावून घ्यायचं अशी घरची शिस्त. एकदा दार लावायला विसरले. माझ्याच वयाची होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मी काय केलं असेल? दार लावलं. अजून आठवतं.

नंतर सेप्टिक टँक आला आणि सगळ्यांना वाटलं, चला, प्रश्न मिटला. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा मी लेकीकडे तिथे होते. घरात कमरेइतका चिखल, टाक्या उलटलेल्या. बाहेरच्या महापालिकांची सफाई पथकं आली. ती माणसं आमच्या गल्लीत सलग चार दिवस राबली. सगळ्यांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, पाया पडायचे बाकी होते. पण गल्लीतल्या एकाही घरातून चिनीमातीचा कप बाहेर आला नाही. कागदी कप. माझ्याही घरातून. आता म्हणाल, पुरात कप धुवायला पाणी कुठे होतं. तेही खरं आहे. पण कागदी कपाने आपली किती मोठी अडचण सोडवली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

निवृत्त मास्तरीण

@सुपारीची राय, "दार लावलं" वाचून गप्प बसले.

बावनदी

आमच्या गावात भेदभाव अजिबात नाही बरं का. प्रत्येक वाडीला पाण्याची वेगळी टाकी आहे.

कोळथरे एक्सप्रेस

@बावनदी, आणि वेगळी स्मशानभूमीही असेल!

बावनदी

आहे ना. आणि शिमग्याची पालखी सगळ्या वाड्यांत जाते. 'सगळ्या' शब्दाचा अर्थ गावकऱ्यांना विचारायचा असतो.

पेठकिल्ला

पण बौद्ध मंडळींना पालखी नकोच असते ना आता? १९५६ नंतर त्यांनी देव सोडले. मग आपण काय जबरदस्तीने न्यायची का?

दासगावची खाडी

नकोच आहे. पण आम्ही नको म्हणायच्या आधी ती किती वर्षं आमच्याकडे येत होती, ते विचारा.

वाशीचा चाकरमानी

मी गणपतीला पाच दिवस जातो, तेव्हा मला बोलायचा हक्क किती हे माहीत नाही. पण एक नाव राहिलं. महाडचे सुरबानाना टिपणीस. नगरपालिकेचे अध्यक्ष, जातीने कायस्थ. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात झाला, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कुणी ओंजळभर पाणी घेऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला लोक चालत गेले तेव्हा ठराव ओला झाला. आणि लगेच सवर्णांनी शेणमूत घालून, घागरी उपसून तळ्याची 'शुद्धी' केली. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागेही घेतला! उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला.

१९२७ च्याच डिसेंबरात बाबासाहेब परत आले ते मुंबईहून पद्मावती बोटीने. दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. महाडला परिषदेसाठी जागा द्यायला हिंदू तयार नव्हते, ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. फत्तेखानांचा फोटो कुठे लावणार?

माडाखालचो

सांगललंय ना, खिळे वाढवा.

दासगावची खाडी

@वाशीचा चाकरमानी, "ठराव ओला झाला" हे ढापणार. आणि नावं काढताय तर रामचंद्र बाबाजी मोरेही काढा, परिषद उभी करायला तेच गावोगाव फिरले. दासगावचे. पुढे कम्युनिस्ट झाले, म्हणून दोन्हीकडच्या भिंतींवर जागा मिळाली नाही.

पेठकिल्ला

मग खिळा रिकामाच ठेवा. रिकामी जागा सगळ्या विसरलेल्यांची. कशी वाटते कल्पना?

रातांबा

महिन्याभरात तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर येईल. कोकणात रिकामी जागा नि रिकामी खुर्ची राहत नाही.

वकीलसाहेब

धागाकर्ते कुठे गायब? सभा झाली का?

गडनदीकाठचो (धागाकर्ता)

झाली, काल रात्री. उशीर झाला त्याबद्दल माफी, दोन दिवस लाइट नव्हती.

तुमचे प्रतिसाद मी छापून नेले होते, सुपारीताईंचा आणि दासगावच्या खाडीचा मोठ्याने वाचला. खोताचा बैल आला तेव्हा आमचे अध्यक्ष (खोतांच्याच घरातले) चष्मा पुसत राहिले. काही बोलले नाहीत. पहिल्यांदाच काही बोलले नाहीत, हे सांगायला हवं.

मी म्हटलं, माझं मत बदललं, वलंगकरांचा फोटो लावू. मला वाटलं तो तरुण खूश होईल. तो म्हणाला, "काका, फोटोचं नंतर बघू. वाचनालयाच्या मागच्या संडासाला कुलूप का आहे?"

खरंच आहे. तीन वर्षांपूर्वी अनुदानातून बांधला. पहिले दोन महिने वापरला, मग साफ कोण करणार यावर घोडं अडलं. शिपाई म्हणाला माझं काम पुस्तकांचं. कुणीतरी तेव्हा सुचवलं होतं, "बौद्धवाडीतल्या कुणाला तरी महिना पाचशे देऊ." कुणी सुचवलं ते इतिवृत्तात नाही, पण तो तरुण त्या दिवशी खुर्च्या लावायला आला होता आणि त्याने ते ऐकलं होतं. आज सांगितलं. मुली वाचायला येत नाहीत याचं कारण आम्ही मोबाईल समजत होतो. त्यांना दोन तास थांबायचं तर जायचं कुठे?

मग आप्पासाहेबांचा विषय पुन्हा निघाला, पण वेगळ्याच तोंडाने. खजिनदार, तेच "संडासवाले" म्हणणारे, म्हणाले, आठवड्याला एक सभासद, पाळीने. यादी केली. अकरापैकी सात जणांनी सही केली. दोघांची कंबर दुखते. एकाच्या घरी विचारावं लागेल. अध्यक्षांनी सही केली, पण म्हणाले मी पहाटे येईन.

तो तरुण म्हणाला, माझी सही नको. मी पुस्तकांची पाळी घेतो. त्याला कुणीही काही म्हटलं नाही.

खिळ्यावर सध्या दुधाच्या डेअरीचं कॅलेंडर आहे.

दासगावची खाडी

पहाटे. म्हणजे कंदील विझवूनच!

निवृत्त मास्तरीण

@दासगावची खाडी, येऊ दे हो त्यांना पहाटे. माझे आजोबाही पहिल्यांदा पहाटेच गेले होते.

जालगावकर

फोटोचा विषय पुढच्या सभेत घ्याच. गोपाळबाबांनी १८८८ मध्ये विचारलेल्या प्रश्नांवरच हे फिरून आलं.

वाशीचा चाकरमानी

किल्ली आता कोणाकडे आहे?

गडनदीकाठचो (धागाकर्ता)

माझ्याकडे. पहिली पाळी माझी, रविवारी. टाकी तीन वर्षं बंद होती, दार उघडल्यावर आत काय असेल सांगता येत नाही. कुणाला अनुभव असेल तर कळवा, आधी नुसतं पाणी मारायचं की फिनाईल?

सुपारीची राय

आधी दार उघडून अर्धा तास लांब उभे राहा, वायू साचलेला असतो. टाकीचं झाकण स्वतः काढू नका आणि कुणालाही आत उतरवू नका, त्याला सक्शनचा टँकर बोलवा. मग नुसतं पाणी. फिनाईल शेवटी.

माडाखालचो

आणि नारळाचो खराटो ने, प्लास्टिकचो टिकना नाय.